विश्लेषण : शहापूर-मुरबाडमध्ये ‘वाघ आला’ म्हणतात, तेव्हा नेमके कोण आलेले असते?

वाघ, बिबट्या, वाघोबा की नरभक्षक? प्राण्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, यावर गावाची भीती, वनविभागाची कारवाई आणि त्या प्राण्याचे भवितव्यही अवलंबून असते.

‘वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो’ अशी मराठीत म्हण आहे. नावाने काही फरक पडत नाही, असे ही म्हण सांगते. पण ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत, नावाने बराच फरक पडतो. रात्री गावाच्या ग्रुपवर ‘पाड्याजवळ वाघ आलाय, दारे लावून घ्या’ असा मेसेज पडतो. गावातल्या जुन्या माणसाला त्यातून जे समजते, ते कल्याण-डोंबिवलीत नोकरीला असलेल्या मुलाला समजत नाही. आजीच्या डोळ्यासमोर ठिपक्यांचा बिबट्या येतो, तर नातवाच्या डोळ्यासमोर पट्ट्यांचा वाघ. तोच मेसेज पुढे तीन ग्रुपवर जातो, सोबत कुठल्या तरी दुसऱ्याच देशातला व्हिडिओ जोडला जातो आणि सकाळपर्यंत तालुक्यात ‘वाघ शिरला’ अशी बातमी तयार होते.

शहापूर-मुरबाडमध्ये खरोखर कोणता प्राणी आहे, त्याला इतकी नावे का आहेत आणि नाव चुकले तर काय बिघडते, याचा हा आढावा.

शहापूर-मुरबाडमध्ये वाघ आहेत का?

पट्टेरी वाघाची कायम वस्ती आज ठाणे जिल्ह्यात नाही. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. त्यांपैकी बहुतेक सर्व विदर्भात आहेत. बिबट्याचे तसे नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार देशात १३ हजार ८७४ बिबटे असावेत असा अंदाज आहे. त्यात मध्य प्रदेश पहिल्या क्रमांकावर (३,९०७) आणि महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर (१,९८५) आहे. आधीच्या, म्हणजे २०१८ च्या अंदाजात महाराष्ट्राचा आकडा १,६९० होता.

शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय याच परिसरात असल्याने त्यांच्या भोवतीचे जंगल बऱ्यापैकी टिकून आहे. मुरबाडच्या पूर्वेला माळशेज घाट, सिद्धगड आणि भीमाशंकरचे रान आहे, तर पश्चिमेला बारवी धरणाचा परिसर. मध्ये भातखाचरे, गवताची माळराने, पाडे आणि वाड्या आहेत. बिबट्याला राहायला घनदाट जंगलच लागते असे नाही. आडोसा, पाणी आणि कुत्रा, शेळी किंवा डुक्कर असे खाद्य मिळाले की तो माणसाच्या शेजारी, पण माणसाच्या नजरेआड राहतो. घाटमाथ्यावरील अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आणि त्यातही ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा आढळला होता.

त्यामुळे या दोन तालुक्यांत कोणी ‘वाघ पाहिला’ म्हणतो, तेव्हा त्याने बहुतेक वेळा बिबट्याच पाहिलेला असतो.

मग लोक बिबट्याला ‘वाघ’ का म्हणतात? ते चुकीचे आहे का?

चुकीचे नाही. सह्याद्रीच्या पट्ट्यात ‘वाघ’ हा शब्द एका प्राण्याचा नसून एका गटाचा आहे. माणसाला मारू शकेल असे कोणतेही मोठे मांजरकुळातील जनावर म्हणजे वाघ. त्यात भेद करायचा झाला की विशेषण लावले जाते. पट्टे असतील तर ढाण्या वाघ, पट्टेरी वाघ किंवा पटाईत वाघ. ठिपके असतील तर बिबट्या किंवा बिबळ्या वाघ. अनेक ठिकाणी नुसते ‘वाघरू’ म्हणूनही भागते. अंधार पडल्यावर काही घरांत थेट नाव घेतच नाहीत. सापाला जसे ‘लांबडे’ म्हणतात, तसे याला ‘जनावर’ म्हणतात.

ही सरमिसळ आजची नाही. ‘वाघ’ हा शब्द संस्कृत ‘व्याघ्र’वरून प्राकृत ‘वग्घ’मार्गे मराठीत आला. बिबट्यासाठी संस्कृतात ‘द्वीपी’ हा शब्द वापरला जातो. पण अमरकोशात हाच शब्द व्याघ्राचा पर्याय म्हणून दिलेला आहे. म्हणजे कोशकारांच्या काळातही ठिपकेवाला आणि पट्टेवाला एकाच ओळीत बसत होते. त्याच जागी अमरकोश ‘तरक्षु’ या प्राण्याची वेगळी नोंद करतो. आपला ‘तरस’ तो हाच.

‘वाघ’ शब्दाचा पसारा इथेच थांबत नाही. मांजराएवढ्या ठिपकेदार रानमांजराला मराठीत ‘वाघाटी’ म्हणतात. आषाढी द्वादशीला उपवास सोडताना जिची भाजी करतात, ती रानफळाची वेलही ‘वाघाटी’च. कातकरी समाजात वाघमारे आणि वाघे ही आडनावे सर्रास आढळतात. ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर ‘वाघबीळ’ आहे. या सर्व नावांतला वाघ पट्टेरीच असेल, असे समजण्याचे कारण नाही.

अशी गफलत फक्त मराठीतच होते का?

अजिबात नाही. ‘लेपर्ड’ हा इंग्रजी शब्दच एका गैरसमजातून जन्माला आला. प्राचीन ग्रीक-रोमन जगात हा प्राणी सिंह (लिओ) आणि ‘पार्ड’ यांच्या संकरातून झाला, असे मानत. दोन्ही शब्द जोडून ‘लेपर्ड’ झाला. भारतात इंग्रजांनी याच प्राण्याला सरसकट ‘पँथर’ म्हटले. १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही वाघासोबत ‘पँथर’ची नोंद आहे. हा पँथर म्हणजे बिबट्याच. ‘ब्लॅक पँथर’ ही वेगळी जात नाही, रंगद्रव्य जास्त असलेला तो काळा बिबट्या असतो. उन्हात नीट पाहिले तर त्याच्या अंगावरचे ठिपके दिसतात. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे हा शब्द मराठीत घरोघरी पोहोचला. ते नाव मात्र अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते.

‘चित्ता’ या शब्दाचेही तेच. संस्कृत ‘चित्रक’वरून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ठिपकेदार असा आहे. भारतातून चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले, पण शब्द उरला आणि तो बिबट्यालाही चिकटला. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. त्यामुळे हा शब्द पुन्हा बातम्यांत आला आहे. शहापूर-मुरबाडमध्ये ‘चित्ता दिसला’ असे कोणी म्हणाले, तर तोही बिबट्याच समजावा. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंसारखी काळी रेघ असते आणि अंगावर भरीव ठिपके असतात. बिबट्याचे ठिपके पाकळ्यांसारखे जुळून पोकळ फुले बनलेली असतात.

‘माउंटन लायन’ म्हणजे डोंगरातला सिंह का?

मोबाइलवर येणाऱ्या अनेक व्हिडिओंत ‘माउंटन लायन’ हे नाव दिसते. भाषांतर करणारे अॅप त्याचे ‘पर्वतीय सिंह’ करून मोकळे होते. प्रत्यक्षात तो सिंह नाही. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत आढळणारा हा प्युमा. एकाच प्राण्याला सर्वाधिक नावे असण्याचा गिनेस विक्रम त्याच्या नावावर असून एकट्या इंग्रजीत त्याची चाळीसहून अधिक नावे आहेत. ‘प्युमा’ हा शब्द पेरूच्या केचुआ भाषेतला. ‘कूगर’ ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीज आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘माउंटन लायन’ हे नाव युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी दिले. अंगाचा रंग सिंहिणीसारखा आणि वावर डोंगरात, एवढ्यावर त्यांनी ते ठरवले. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात तर याच प्राण्याला ‘पँथर’ म्हणतात.

शास्त्रज्ञ लिनियसने १७७१ मध्ये त्याला ‘कॉनकलर’ म्हणजे एकरंगी असे नाव दिले. सिंह, वाघ, बिबट्या यांच्या ‘पँथेरा’ गटात तो बसत नाही. तो डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. त्याचे जवळचे नाते चित्त्याशी आहे.

हा मुद्दा शहापूरच्या वाचकासाठी महत्त्वाचा का? ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात एका गिर्यारोहकाचा प्युमाच्या मादीने सुमारे सहा मिनिटे पाठलाग केला. पिल्ले जवळ असल्याने ती त्याला हुसकावत होती. तो व्हिडिओ जगभर फिरला. असा व्हिडिओ ‘आपल्या घाटातला’ म्हणून पुढे आला, तर ओळखण्याची खूण सोपी आहे. अंगावर ना पट्टे, ना ठिपके, नुसता एकसारखा भुरा रंग असेल, तर तो ना वाघ, ना बिबट्या.

अंधारात दिसलेला प्राणी कसा ओळखायचा?

गावात ‘मी पट्टे बघितले, वाघच होता’ असे कोणी ठामपणे सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. त्याने तरस पाहिलेला असू शकतो. या भागात तरसाच्या अंगावर पट्टे असतात आणि बॅटरीच्या उजेडात क्षणभर दिसलेले पट्टे वाघाचे वाटतात. फरक असा :

– बिबट्या : अंगावर फुलांसारखे काळे ठिपके, लांब शेपटी, ठेंगणे पण भरीव शरीर. नराचे वजन साधारण ५० ते ७० किलो. झाडावर सहज चढतो.

– वाघ : भगव्या अंगावर काळे पट्टे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन बिबट्याच्या तिप्पट. पाऊलखूणही तशीच मोठी.

– तरस : पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती. मानेवर आयाळ, राखाडी अंगावर पट्टे. तो प्रामुख्याने मेलेल्या जनावरांवर जगतो.

– रानमांजर आणि वाघाटी : दोन्ही घरच्या मांजराएवढी किंवा थोडी मोठी. वाघाटीच्या ठिपक्यांमुळे तिला ‘बिबट्याचे पिल्लू’ समजून उचलून आणण्याचा धोका असतो.

चिखलातला ठसाही बोलतो. वाघ-बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. कुत्रा आणि तरस यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. ठसा दिसला तर त्यावर पाटी किंवा टोपले पालथे घालून ठेवावे आणि वनरक्षकाला बोलवावे. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवले, तर मापाचा अंदाज येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. वाघ लांबवर चालतो. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये १३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. म्हणून गावकऱ्याचा दावा हसण्यावारी नेणे योग्य नाही. ठसा, विष्ठा किंवा ट्रॅप कॅमेऱ्यातील छायाचित्र यांवरून खातरजमा करणे, हेच वनविभागाचे काम आहे.

‘वाघोबा’ कोण?

शहापूर, मुरबाड आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वारली, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी समाजांत वाघोबा हा देव आहे. गावाच्या किंवा रानाच्या वेशीवर लाकडी खांबावर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो, सोबत चंद्र-सूर्य असतात आणि त्यावर शेंदूर असतो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत संशोधकांनी २०१८-१९ मध्ये अशी दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसते की वाघोबा वाघाचाही देव आहे आणि बिबट्याचाही. भक्तांना तो भेद करण्याची गरज भासत नाही.

आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, तर या पट्ट्यात वाघबारस. शहरात गाय-वासराची पूजा होते आणि रानात ज्याच्यापासून गाय-वासराला राखायचे, त्याची. नारळ, कोंबडे किंवा बोकड वाहिला जातो. गुराखी एकत्र येऊन खीर शिजवतात. वर्षभर आमची गुरे-माणसे सांभाळ, असे मागणे मागितले जाते. पूजा केली म्हणून बिबट्या शेळी नेणारच नाही, असे कोणी मानत नाही. पण एखादी शेळी गेली तरी लगेच काठ्या घेऊन निघायचे नाही, ही समज त्यातून तयार झालेली आहे.

‘बा’ हा प्रत्यय मराठीत विठोबा, खंडोबा, म्हसोबा अशा देवांना लागतो. वाघाला तो लावणे म्हणजे त्याला नात्यात आणणे. नात्यातले माणूस त्रास देते, पण त्याला गावाबाहेर काढत नाहीत. ही जाण नव्या पिढीत पातळ होत आहे. ज्याच्यासाठी तो ‘वाघोबा’ उरत नाही, त्याच्यासाठी तो फक्त ‘घुसखोर’ असतो. बातम्यांतही ‘बिबट्या लोकवस्तीत घुसला’ असे सहज लिहिले जाते. तो तिथेच राहत असेल, तर ‘घुसला’ हा शब्द चुकतो.

नाव चुकले तर प्रत्यक्षात काय बिघडते?

पहिला परिणाम होतो पिंजऱ्याच्या मागणीवर. ‘वाघ आला’ म्हटल्यावर गाव पिंजरा मागते. वनविभागावर दबाव येतो. बिबट्या पकडून लांब सोडला जातो. त्याचे काय होते, हे माळशेज घाटाच्या पलीकडे जुन्नरमध्ये दिसून आले. तिथे २००१ ते २००३ या काळात शंभरहून अधिक बिबटे पकडण्यात आले आणि त्यातील अनेक अन्यत्र सोडण्यात आले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. स्थलांतराच्या काळात ते वर्षाला १७ पर्यंत गेले. जागा रिकामी झाली की दुसरा बिबट्या येतो आणि अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या भेदरलेला असतो. म्हणूनच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बिबट्या नुसता दिसला म्हणून त्याला पकडू नये.

दुसरा परिणाम ‘नरभक्षक’ या शब्दाचा. हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी हा शब्द मथळ्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये मात्र तो नाही. तिथे ‘मानवी जीवितास धोकादायक’ असा निकष आहे. वाघ आणि बिबट्या दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना मारण्याची परवानगी फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही लेखी आणि कारणे नोंदवून. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही, याची खात्री झाल्यावरच तो आदेश निघतो.

नावाने मत कसे बदलते, याचे राज्यातील ठळक उदाहरण यवतमाळचे. १३ जणांच्या मृत्यूला जबाबदार धरलेल्या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. वनविभागाच्या कागदावर ती ‘टी-१’ होती, प्राणिप्रेमींसाठी ‘अवनी’ आणि पांढरकवडा परिसरातील अनेक गावकऱ्यांसाठी ‘नरभक्षक’. वाद एकाच वाघिणीवर होता, पण तिन्ही बाजू तीन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत असल्यासारखे वाटत होते.

माळशेज ते मुंबई चाललेला ‘आजोबा’ कोण होता?

नावामुळे भीतीऐवजी जवळीक निर्माण होऊ शकते, याचे उदाहरण याच दोन तालुक्यांच्या वाटेवरचे आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याचा माग ठेवला. वयस्क आणि शांत असल्याने त्याचे नाव ‘आजोबा’ पडले.

माळशेजपासून निघालेला आजोबा कसारा परिसरात मुंबई-आग्रा महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून, तानसाच्या रानातून वसईकडे गेला. वसईची खाडी पोहून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोहोचला. सुमारे १२० किलोमीटरच्या या प्रवासात त्याने कोणावर हल्ला केल्याची नोंद नाही. ज्या गावांशेजारून तो गेला, त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईलगतच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. शरीरातील मायक्रोचिपमुळे ओळख पटली. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट आला.

योगायोग असा, की शहापूर तालुक्यात डेहणे गावाजवळ ‘आजोबा’ नावाचाच डोंगर आहे. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, अशी आख्यायिका आहे.

अमेरिकेतही जवळपास अशीच गोष्ट घडली. लॉस एंजेलिसमध्ये दोन मोठे महामार्ग ओलांडून एक माउंटन लायन शहरातील ग्रिफिथ पार्कमध्ये येऊन राहिला. त्याचे नाव होते ‘पी-२२’, म्हणजे संशोधकांनी नोंदवलेला बाविसावा प्युमा. २०१२ पासून दहा वर्षे तो तिथे राहिला. वाहनाच्या धडकेने झालेल्या जखमा आणि आजारपणामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. त्याच वर्षी तिथे महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी पूल उभारण्याचे काम सुरू झाले.

शहापूरसाठी हा विषय दूरचा नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो याच तालुक्यातून जातो. मुंबई-नाशिक महामार्ग, रेल्वे आणि कल्याण-नगर मार्ग आधीपासून आहेतच. आजोबा २००९ मध्ये ज्या वाटेने गेला, त्या वाटेवर आज आणखी एक रस्ता आडवा आहे.

बिबट्या दिसला किंवा नुकसान झाले तर काय करावे?

– वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. ‘वाघ’ म्हणण्यापेक्षा काय पाहिले ते सांगावे : ठिपके की पट्टे, आकार, वेळ, ठिकाण, कोणत्या दिशेने गेला.

– पाठलाग, दगडफेक आणि गर्दी टाळावी. बहुतेक वेळा कोंडीत सापडलेला बिबट्याच माणसावर झेपावतो. विहिरीत पडलेल्या बिबट्याभोवती तर गर्दी अजिबात नको.

– पहाटे मोहाची फुले वेचताना, गवत किंवा भात कापताना माणूस वाकलेला असतो आणि बिबट्याला तो लहान भक्ष्यासारखा वाटू शकतो. एकट्याने जाऊ नये, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून जावे. लहान मुलांना मागे राहू देऊ नये.

– शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा. वाडीजवळ कचरा आणि कोंबड्यांची घाण साचू देऊ नये. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

– जनावर मारले गेल्यास ते जागेवरून हलवू नये. शक्यतो ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. वाघ आणि बिबट्या दोघेही नुकसानभरपाईच्या यादीत असल्याने नावामुळे भरपाई कमी-जास्त होत नाही. मात्र पंचनाम्यात प्राणी कोणता हे ठसे आणि जखमांवरून ठरते, त्यामुळे पुरावा जपणे महत्त्वाचे. गाय-म्हशीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांपैकी कमी असेल ती मिळते. माणसाचा मृत्यू झाल्यास २०२३ पासून कुटुंबाला २५ लाख रुपयांची तरतूद आहे.

– व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी ठिकाण आणि तारीख तपासावी. ती नसेल, तर तो पाठवू नये.

मग नेमके काय म्हणावे?

आजीला ‘वाघ’ म्हणू द्यावे. तिच्या बोलीत तो शब्द अचूक आहे, कारण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत आहे. वाघबारशीला ‘वाघोबा’च म्हणावे. पण वनरक्षकाला फोन करताना, पंचनाम्यावर सही करताना आणि ग्रुपवर मेसेज टाकताना ‘बिबट्या’ लिहावे. तिथे वाचणारा गावचा असेलच असे नाही.

म्हण म्हणते त्याप्रमाणे वाघ नाव ऐकून वागत नाही. माणसे मात्र नाव ऐकूनच वागतात. ‘वाघ शिरला’ या मेसेजवर गाव काठ्या घेऊन बाहेर पडते. ‘ओढ्याकडच्या वाटेवर बिबट्या दिसला, शेळ्या आत घ्या’ या मेसेजवर गाव शेळ्या आत घेते.